स्लाइडरूमचा रिव्ह्यू: पोरांचं क्रिएटिव्ह काम कॉलेजच्या अर्जासोबत पाठवायचं की नाही

स्लाइडरूमबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. दर वर्षी 1 ऑगस्टला कॉमन अ‍ॅप (एकाच अर्जाने अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांना अर्ज करायची साइट) नव्याने उघडलं की घरातलं नाहीतर ओळखीतलं कुठलं तरी पोर सीनियर इयरला म्हणजे बारावीला आलेलं असतंच आणि मग मेसेज सुरू होतात, मावशी माझी चित्रं पाठवू का, काकू तबल्याचा व्हिडिओ टाकला तर फायदा होईल का, कविता कुठे टाकायच्या. अमेरिकेतल्या कॉलेजांना असलं काम पाठवायचं तर बऱ्याच ठिकाणी रस्ता एकच, स्लाइडरूम. त्यामुळे हा रिव्ह्यू त्या साइटचा आहेच, पण ती वापरायची तरी का याचाही आहे, कारण ते ठरलं नसेल तर साइट कितीही चांगली असून काय करायचंय.

माझं मत आधीच सांगून टाकते. टूल म्हणून 5 पैकी 4 स्टार, बिनधास्त वापरा. पण ज्यांना आर्ट्समधे मेजर करायचं नाहीये अशा बहुतेक पोरांनी सप्लिमेंट, म्हणजे अर्जासोबतचं हे जादाचं काम, पाठवायची गरज नाही आणि न पाठवल्याने कुणी त्यांचे मार्क कापत नाही. ऐच्छिक म्हणजे खरंच ऐच्छिक. आपल्या लोकांना ऐच्छिक शब्द दिसला की पोटात गोळा येतो, बाकीच्यांनी पाठवलं आणि आपलंच राहिलं तर काय, आणि मग रात्री बारा वाजता कपाटातून पाचवीतली वारली चित्रं बाहेर निघतात. ते नका करू.

आता साइट. कॉमन अ‍ॅपमधे प्रत्येक कॉलेजचे स्वतःचे प्रश्न असतात, तिथे आर्ट सप्लिमेंट पाठवणार का असं विचारलेलं असतं, हो केलं की पुढचा रस्ता दिसतो, काही कॉलेजं मात्र अर्ज पोचल्यावर त्यांच्या पोर्टलमधून पाठवायला सांगतात. स्लाइडरूमवर अकाउंट काढायचं, कॉलेज निवडायचं, त्यातला विषय निवडायचा आणि कामं चढवायची. फोटो, व्हिडिओ, ऑडिओ, पीडीएफ सगळं चालतं, बऱ्याच ठिकाणी यूट्यूब किंवा व्हिमिओची लिंकही चालते. ओढून क्रम बदलता येतो, अर्धवट ठेवून चार दिवसांनी परत येता येतं, आणि प्रत्येक कामाखाली त्याचं नाव, साल, माध्यम, माप आणि थोडी माहिती लिहायला जागा असते. ही शेवटची जागा फार महत्त्वाची आहे आणि पोरं ती रिकामी सोडतात, त्याबद्दल पुढे बोलते.

एक स्टार का कापला, तर दोन गोष्टी. एकदा सबमिट दाबलं की त्यात काही बदलता येत नाही, चित्र उलटं चढलं असेल तरी ते तसंच जातं. म्हणून सबमिट करायच्या आधी सगळं मोठ्या स्क्रीनवर उघडून बघा, मोबाइलवर नको. दुसरं म्हणजे फी. ती कॉलेज ठरवतं, काही ठिकाणी काहीच नसते, काही ठिकाणी थोडे डॉलर असतात, पण अर्जाची फी वेगळी भरलेलीच असते आणि दहा ठिकाणी पाठवायचं म्हटलं की रक्कम वाढत जाते. फी माफीची सोय काही कॉलेजं देतात, पण ती आधी शोधून विचारावी लागते.

पाठवलेलं काम पुढे कोण बघतं हा मला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो आणि त्याबद्दल घरात कुणी बोलतच नाही. अर्ज वाचणारा अ‍ॅडमिशन ऑफिसर हा चित्रकार किंवा वादक असेलच असं नाही, त्यामुळे बऱ्याच कॉलेजांत हे काम त्या त्या विभागातल्या प्रोफेसरांकडे जातं, ते बघून ऐकून आपलं मत कळवतात आणि ते मत अर्जाला जोडलं जातं. म्हणजे तुमच्या मुलीची चित्रं बघणारा माणूस वर्षानुवर्षं चित्रं शिकवतोय. नातेवाइकांनी वा वा केलेलं काम त्याच्यासमोर ठेवल्यावर तो जर "चांगलं आहे, शाळेच्या पातळीवर ठीक" असं लिहून मोकळा झाला तर त्या ओळीने मुलीचं काय भलं झालं? अर्जात जिथे "गेली सहा वर्षं चित्रं काढते" एवढंच होतं तिथे वाचणाऱ्याच्या मनात एक चांगली प्रतिमा होती, आता तिच्याशेजारी एक साधारण शेरा येऊन बसला. उलट तोच प्रोफेसर "ही मुलगी आमच्याकडे यायलाच हवी" असं म्हणाला तर त्याचं वजन खूप पडतं. दोन्ही होऊ शकतं म्हणूनच हा निर्णय विचार करून घ्यायचा असतो.

आणि प्रत्येक कॉलेजचं वेगळं आहे, हे तर डोक्यात पक्कं बसवा. रिझ्डीसारख्या (ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन) आर्ट स्कूलला पोर्टफोलिओ हाच अर्जाचा जीव, 12 ते 20 कामं द्यावीच लागतात, तिथे पाठवू का नको हा प्रश्नच नाही. ज्युलिअर्डसारख्या संगीत-नृत्य-नाटकाच्या कॉलेजात आधी रेकॉर्डिंग पाठवून गाळणी होते आणि मग प्रत्यक्ष ऑडिशन. याच्या अगदी उलट युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यूसी), त्यांच्या मुख्य अर्जात पोर्टफोलिओ जोडायची जागाच नाही, फक्त यूसीएलएच्या (यूसीचा लॉस एंजेलिसचा कँपस) आर्ट्स किंवा थिएटर-फिल्मसारख्या काही विभागांचा पुरवणी अर्ज वेगळा असतो. येलच्या सूचनांचा रोख असा की काम खरंच वरच्या दर्जाचं असेल तरच विचार करा. प्रिन्स्टनच्या आर्ट सप्लिमेंटमधे क्रिएटिव्ह रायटिंगलाही जागा आहे, पण सगळीकडे ती नसते. एमआयटी कॉमन अ‍ॅप वापरतच नाही, त्यांचा अर्ज स्वतःचा, पण मेकर पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतः बनवलेल्या वस्तूंचं काम, मात्र स्लाइडरूमवरूनच जातो. आणि स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी आर्ट पोर्टफोलिओ पाठवणाऱ्यांची शेवटची तारीख बाकीच्यांच्या आधी येते, म्हणजे अर्ली (लवकरच्या फेरीचा) अर्ज 1 नोव्हेंबरपर्यंत चालतो म्हणून निवांत बसलेलं पोर पोर्टफोलिओपुरतं ऑक्टोबरच्या मधेच बाहेर पडू शकतं. त्यामुळे कॉलेजच्या स्वतःच्या पानावर चालू वर्षाची सूचना वाचल्याशिवाय फाइलला हात लावू नका, गेल्या वर्षी दादाने कसं केलं होतं ते या वर्षी चालेलच असं नाही.

आता माझ्या भाचीचं सांगते. ती चित्रं काढते, मनापासून काढते, आणि तिला शिकायचंय बायोलॉजी. तिचा प्रश्न होता, "मावशी, तू खरं सांग हं, आईला सगळंच छान वाटतं." आम्ही सगळी चित्रं जमिनीवर मांडली. निम्म्याहून जास्त अ‍ॅनिमेमधल्या पात्रांची होती, हात सुंदर, रेषा स्वच्छ, पण दुसऱ्याने निर्माण केलेलं पात्र बघून काढलेलं. आर्टच्या लोकांना अशा फॅन आर्टपेक्षा किंवा फोटोवरून हुबेहूब उतरवलेल्या चेहऱ्यापेक्षा समोरची वस्तू बघून काढलेलं चित्र जास्त काही सांगतं. रिझ्डी अनेक वर्षं अर्जदारांकडून सायकलचं पेन्सिल चित्र मागायचं ते त्याचसाठी, मुलाने वस्तू नीट बघितली आहे का ते त्यात लगेच कळतं. मग त्या ढिगात खाली एक वही निघाली. तिच्या आजीच्या खिडकीतल्या कुंडीतलं जास्वंदीचं एकच फूल, कळीपासून गळून पडेपर्यंत रोज काढलेलं, बाजूला बारीक अक्षरात तारीख आणि पाकळ्या कुठून मिटायला लागल्या त्याची नोंद, एका पानावर मुंगी बसली होती तीसुद्धा काढलेली. ती वही बघितल्यावर मला पुढे काही सांगावं लागलं नाही. बायोलॉजी शिकायला निघालेली मुलगी एका फुलाकडे इतके दिवस बघत बसते हे तिच्या ट्रान्सक्रिप्टमधे (शाळेच्या गुणपत्रकात) कुठे दिसणार होतं, आणि निबंधात लिहिलं असतं तरी ते बघण्यात जी मजा आहे ती वाचण्यात आली नसती. माझा निकष तिथेच पक्का झाला. काम जर अर्जातल्या दुसऱ्या कुठल्याच जागेतून दिसणार नाही असं काही दाखवत असेल, आणि त्या कलेतला बाहेरचा माणूस ते बघून थांबत असेल, तर पाठवा. दोन्ही हवं. एकच असेल तर नको.

बाहेरचा माणूस कुठून आणायचा तर शाळेतली आर्ट टीचर आहेच, शिवाय नॅशनल पोर्टफोलिओ डे नावाचे कार्यक्रम होतात, तिथे बऱ्याच आर्ट कॉलेजांचे लोक एकत्र बसून पोरांचं काम समोरासमोर बघतात आणि स्पष्ट बोलतात, तेही फुकट. रांगा मोठ्या असतात, लवकर जा. पैसे देऊन कन्सल्टंट लावण्यापेक्षा मला हे कितीतरी बरं वाटतं. ओळखीतल्या एका मुलाच्या कन्सल्टंटने त्याला सरसकट सगळ्या कॉलेजांना सप्लिमेंट पाठवायला सांगितलं होतं, जास्त साहित्य म्हणजे जास्त उत्साह असा त्यांचा हिशोब, आणि तो मुलगा ऑक्टोबरभर फाइली चढवत बसला आणि निबंध राहिले बाजूला. मला या सल्ल्याचा खरंच राग आला. 650 शब्दांपर्यंतचा मुख्य निबंध कॉमन अ‍ॅपवरची बरीच कॉलेजं वाचणार, सप्लिमेंट मोजकीच बघणार, मग वेळ कुठे घालवायचा हे सांगायला कन्सल्टंट कशाला लागतो?

चित्रांचे फोटो काढताना दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, कॅमेरा चित्राला समांतर धरून काढा आणि कडेची फरशी दिसणार नाही असं क्रॉप करा. काचेच्या फ्रेममधून बाहेर काढा, नाहीतर फोटो काढणाऱ्याचाच चेहरा त्यात दिसतो. सगळ्यात चांगलं काम पहिलं आणि त्याच्या खालोखालचं शेवटी. 20 ची मर्यादा असली म्हणून 20 भरायची नसतात, किमान आकडा पूर्ण करून चांगली तेवढीच ठेवा.

संगीताचं जरा सविस्तर सांगते कारण आपल्या पोरांची इथे मोठी अडचण होते. मित्राचा मुलगा तबला वाजवतो, लहानपणापासून गुरुजींकडे शिकतोय, हात तयार आहे. आता ऐकणारा प्रोफेसर बहुतेक पियानो, व्हायोलिन नाहीतर जॅझवाला, त्याला तीनताल म्हणजे काय हे माहीत असेल असं धरून चालता येत नाही. मी मघाशी म्हटलं ती माहितीची जागा इथे कामाला येते. आम्ही त्यात लिहिलं की हे 16 मात्रांचं आवर्तन आहे, हार्मोनियमवर जो लेहरा सतत वाजतोय तो त्या आवर्तनाची जागा दाखवतो, अमुक मिनिटापासून कायदा सुरू होतो म्हणजे एक बंदिश घेऊन तिच्याच अक्षरांतून विस्तार करत जायचा, यातलं मुख म्हणजे मूळ बंदिश गुरुजींनी शिकवलेली आहे आणि पलटे म्हणजे तिचे विस्तार त्याने स्वतः बांधलेत, शेवटी तिहाई (तीनदा येणारा तुकडा) येते ती समेवर म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर कशी पडते ते ऐका. चार-पाच ओळी फक्त, पण त्याने ऐकणाऱ्याला कान कुठे लावायचा ते कळलं. "तबला सोलो, 2024" एवढंच लिहून पाठवला असता तर तो त्या माणसासाठी नुसता जलद ठेका झाला असता.

रेकॉर्डिंगसाठी हॉल बुक करायची काही गरज नाही. शांत खोली, गालिचा, कॅमेरा समोरून थोडा उंचावर, दोन्ही हात पूर्ण दिसले पाहिजेत. फोनच्या माइकवर बायाचा म्हणजे डग्ग्याचा घुमारा मरतो आणि चाटीची टणटण तेवढी उरते, त्यामुळे साधा का होईना वेगळा माइक लावा. कापाकापी, एडिटिंग, इको काही नको, एका दमात वाजवलेलं द्या. अ‍ॅन्युअल फंक्शनचा व्हिडिओ तर नकोच नको, त्यात पुढे बसलेल्याचं डोकं आणि मधेच टाळ्या. आणि दोन चिजा द्यायच्या असतील तर स्वभावाने वेगळ्या द्या, एक संथ पेशकार आणि एक द्रुत लयीतला रेला, दोन्ही रेले देऊन त्याचा फक्त वेग दिसेल. वेळेची मर्यादा असते आणि ऐकणारा सगळं ऐकेलच असं नाही, म्हणून पहिलं मिनिटच भक्कम हवं.

नाचाचं थोडंफार असंच, पूर्ण शरीर दिसलं पाहिजे, पायसुद्धा. ग्रुपमधे असाल तर तुम्ही कोण ते लिहा, हिरवी ओढणी, डावीकडून दुसरी असं. शॉर्ट फिल्म मित्रांबरोबर केली असेल तर तुम्ही त्यात काय केलं, कॅमेरा, एडिटिंग, की लेखन, ते स्पष्ट सांगा, दुसऱ्याचं काम आपल्या नावावर गेलं तर ते अंगाशी येतं आणि यायलाच हवं.

मेकर पोर्टफोलिओबद्दल एकच सांगेन. व्हिडिओ 2 मिनिटांपर्यंतचा असतो आणि पोरं त्यात म्युझिक लावून फिरणारा रोबोट दाखवतात. त्यापेक्षा का बनवलं, पहिल्यांदा काय मोडलं, मग काय बदललं हे स्वतःच्या आवाजात सांगितलेलं शंभर पटीने बरं. जळलेला सर्किट बोर्ड फेकू नका, त्याचा फोटो काढा.

लिहिणाऱ्या पोरांचा प्रश्न सगळ्यात अवघड. कविता, कथा पाठवायला जागा फार कमी कॉलेजांत असते आणि नसेल तिथे ती जबरदस्तीने करू नये असं माझं ठाम मत आहे. कॉमन अ‍ॅपमधली अ‍ॅडिशनल इन्फर्मेशनची जागा 2025-26 पासून 650 वरून 300 शब्दांवर आली आहे आणि ती अर्जात न मावलेली खरी माहिती सांगण्यासाठी आहे, तिथे कविता चिकटवली की वाचणाऱ्याला वाटतं याने सूचना वाचलीच नाही. मुख्य निबंधच कवितेत लिहू का असंही मला एकीने विचारलं. त्या निबंधासाठी दिलेल्या विषयांतला सातवा मोकळा असतो, कुठल्याही विषयावर लिहा, आधी लिहिलेलंही चालेल असं त्यात म्हटलंय, म्हणजे नियमात बसतं. पण मी तिला नको म्हटलं. निबंध वाचणाऱ्याला तू कोण आहेस, कसा विचार करतेस हे शोधायचंय, आणि तिच्या कवितेत तेच सगळं आडून होतं, वाचायला सुंदर पण ती मुलगी त्यात सापडत नव्हती. चांगलं गद्य लिहिलं की लिहिता येतं हे दिसतंच, वेगळा पुरावा कशाला.

आणि सप्लिमेंट न पाठवताही हे काम अर्जात दिसू शकतं. अ‍ॅक्टिव्हिटीच्या 10 जागा असतात, प्रत्येकात वर्णनाला 150 कॅरेक्टर. तिथे "चित्रकलेची आवड, फावल्या वेळात चित्रं काढते" असं लिहिण्यापेक्षा "शाळेच्या मासिकाची मुखपृष्ठं केली, लायब्ररीत लहान मुलांना दर शनिवारी चित्रकला शिकवते" असं लिहिलं तर तेवढ्याच जागेत माणूस उभा राहतो. स्कोलास्टिक आर्ट अँड रायटिंग अवॉर्ड्स, यंगआर्ट्स अशा स्पर्धांत काही मिळालं असेल तर ऑनर्सच्या (बक्षिसांच्या) 5 जागा आहेत, आणि तिथली मोहोर ही परीक्षकांनी आधीच मारलेली असते, त्यामुळे मूळ काम पाठवलं नाही तरी ते पोचतं. यूसीच्या अर्जात 8 पैकी 4 प्रश्नांची 350 शब्दांपर्यंत उत्तरं द्यायची असतात आणि त्यातला एक प्रश्न थेट तुमच्या क्रिएटिव्ह बाजूबद्दलच आहे. भाचीने जास्वंदीची वही तिथे वापरली, आणि ज्या मोजक्या कॉलेजांना सप्लिमेंट चालत होतं तिथे वहीतली पानं पाठवली. अ‍ॅनिमेची चित्रं तिने कुणालाच पाठवली नाहीत, ती अजून काढते, तिला त्यात आनंद मिळतो.

आणखी एक सोय बऱ्याच जणांना ठाऊकच नसते. कॉमन अ‍ॅपमधे शाळेच्या शिक्षकांव्यतिरिक्त दुसऱ्या कुणाचं शिफारसपत्र जोडता येतं, त्यात आर्ट टीचर असा प्रकारच दिलेला आहे, कॉलेज परवानगी देत असेल तर. तबल्याच्या गुरुजींनी पत्र लिहिलं. त्यांना इंग्रजीचा संकोच होता, म्हणाले, "मी मराठीत सांगतो, तुम्ही लिहून घ्या आणि मला वाचून दाखवा." त्यांनी सांगितलेल्यात हात किती तयार आहे यापेक्षा जास्त हे होतं की हा मुलगा क्लासला सगळ्यात आधी येऊन धाकट्यांचे तबले स्वरात लावून ठेवतो आणि कुणाला सांगत नाही. तसं पत्र मिळणार असेल तर काही कॉलेजांना व्हिडिओ नाही पाठवला तरी चालेल, आणि आम्ही तसंच केलं, जिथे म्युझिक विभाग मोठा होता तिथे दोन्ही, बाकी ठिकाणी फक्त पत्र.

ज्यांना या वर्षी पाठवायचंय त्यांनी रेकॉर्डिंग आणि फोटो उन्हाळ्याच्या सुट्टीतच उरका, शाळा सुरू झाली की गुरुजींची, लेहरा धरणाऱ्याची आणि पोराची वेळ एकत्र जुळत नाही. अकाउंट आधीच काढून एक फाइल चढवून बघा म्हणजे कुठला फॉरमॅट अडतोय ते कळेल, आणि शेवटच्या रात्रीवर व्हिडिओ ठेवू नका, मोठ्या फाइलला चढायला वेळ लागतो आणि घड्याळ थांबत नाही.